मुलाचा शब्द आणि शाळेचें कर्तव्य

सकाळीं शाळेची घंटा झाली म्हणजे आईबाप आपल्या लेकरास फाटकापर्यंत पोंचवितात आणि आपापल्या उद्योगास लागतात. घरांतील दागिना परक्याच्या हातीं देतांना मनुष्य दहा वेळां विचार करतो, पावती मागतो. पोटचें मूल मात्र तो कसलीहि पावती न घेतां पांच-सहा तासांसाठीं शाळेच्या स्वाधीन करतो. या विश्वासावरच प्राथमिक शिक्षणाची सारी इमारत उभी आहे. मुलास वाचतां आलें कीं नाहीं, पाढे पाठ झाले कीं नाहीं, याची परीक्षा वर्षाअखेर होते. परंतु सकाळीं सोंपविलेलें मूल सायंकाळीं शरीरानें आणि मनानें जसेंच्या तसें घरीं परतलें कीं नाहीं, ही परीक्षा रोजची आहे. आणि तींत एकदांहि नापास होण्याची शाळेस मुभा नाहीं.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांतील कामरगांवाचें उदाहरण घेतलें तर ही जबाबदारी केवढी मोठी आहे हें ध्यानांत येईल. वऱ्हाडांतील इतर गांवांप्रमाणें तेथेंहि घरचें घड्याळ वावरांतील कामावर चालतें. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी आली म्हणजे घरचीं कर्तीं माणसें दिवस उगवतांच बाहेर पडतात. घरीं म्हातारी आजी असली तर असली, नाहीं तर दाराला कुलूप. अशा गांवांत दिवसाचा मोठा भाग मुलाचे पालक म्हणजे शाळेंतील गुरुजी आणि बाईच होत. शिवाय गांवांत प्रत्येकजण प्रत्येकास ओळखतो. अनोळखी मनुष्य वेशींत शिरला तर तो चटकन् नजरेंत भरतो, हा त्या ओळखीचा लाभ. पण दोष ओळखीच्याच मनुष्याचा असला तर त्याच ओळखीमुळें सर्वांचीं तोंडें बंद होतात, हा तिचा तोटा. मुलांच्या संरक्षणाचा खरा प्रश्न या दुसऱ्या ठिकाणीं आहे.

पूर्वीं शाळेंतील सुरक्षितता म्हटली म्हणजे छपराचीं कौलें, विहिरीचा कठडा आणि पावसाळ्यांतील विंचूकाटा एवढ्यावरच विचार थांबे. शिक्षा हा तर शिक्षणाचाच भाग समजला जाई. अंगठे धरून उभें करणें, उठाबशा, हातावर छड्या, यांवांचून विद्या येत नाहीं अशी पंतोजींची आणि पालकांचीहि समजूत होती. ती समजूत मोडण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव महाराष्ट्रास विसरतां येणार नाहीं. कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या या विदुषीनें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचें कार्य केलें, आणि पुढें १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं तेंच कार्य आरंभिलें. भयाच्या छायेंत मुलाची बुद्धि वाढत नाहीं, हें या मंडळींनीं प्रयोगानें दाखविलें. कालांतरानें देशाच्या कायद्यानेंहि तेंच मान्य केलें. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यांतील सतराव्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करणें आणि त्याचा मानसिक छळ करणें या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. यांतील मानसिक छळ हे शब्द विसरतां कामा नयेत. जातीवरून, गरिबीवरून किंवा फाटक्या कपड्यांवरून भर वर्गांत मुलास टोमणा मारणें हेंहि छडीइतकेंच त्याज्य होय.

छडीचा वळ निदान आईच्या नजरेस पडतो. ज्याचा वळ अंगावर उमटत नाहीं असा एक आघात आहे, आणि सभ्य समाज त्याविषयीं बोलण्यास लाजतो. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं बालकांच्या छळाविषयीं एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशीं त्या पाहणींत बोलणें झालें होतें. त्यांपैकीं ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनीं आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचें सांगितलें. अत्याचार करणाऱ्यांपैकीं निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, किंवा ज्यांवर मुलानें विश्वास ठेवावा अशा स्थानीं असलेले होते. मुलगेहि यांतून सुटलेले नव्हते. त्यांचें प्रमाण मुलींच्या बरोबरीचेंच निघालें. आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणापाशींहि बोलून दाखविली नव्हती. अनोळखी माणसापासून दूर राहा, एवढाच उपदेश मुलांस करून जे स्वस्थ बसतात, त्यांनीं हे आंकडे एकदां शांतपणें वाचावे.

ओळखीचा मनुष्य बहुधा बळजबरीनें आरंभ करीत नाहीं. तो आधीं विश्वास मिळवितो. एकाच मुलाचें विशेष कौतुक, खाऊ, नवी पेन्सिल, मोबाइलवरील खेळ, त्याच्या घरच्यांची मर्जी, हा पहिला टप्पा. नंतर एकांताचीं निमित्तें येतात. शाळा सुटल्यावर थांबविणें, सामानाच्या खोलींतून कांहीं आणावयास एकट्यासच पाठविणें. मग मर्यादेचा लहानसा भंग, आणि त्यावर, "हें कोणास सांगूं नकोस," ही ताकीद. मुलास वाटतें, दोष आपलाच आहे. सांगितलें तर मार बसेल, कोणी खरें मानणार नाहीं. मुलीस आणखी एक भय असतें, कीं घरचीं माणसें आपली शाळाच बंद करतील. अगदीं लहान मुलापाशीं तर सांगावयास शब्दहि नसतात. तें म्हणतें, पोट दुखतें. तें म्हणतें, त्या काकांच्या रिक्षांत मी बसणार नाहीं. हंसतें-खेळतें मूल अबोल होतें, झोपेंत दचकतें, अंथरूण ओलें करूं लागतें. यांतील प्रत्येक खूण अत्याचाराचीच असते असें नव्हे. परंतु प्रत्येक खूण मोठ्या माणसानें मुलाजवळ बसून त्याची मायेनें विचारपूस करावी, एवढी मोठी खास असते.

कायद्यानें या बाबतींत काय केलें आहे तें आतां पाहूं. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास लोक पोक्सो म्हणतात, तो त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून सुरू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याचें संरक्षण आहे. शाळेंतील कर्मचारी किंवा चालक यांनीं केलेला अपराध हा कायदा अधिक गंभीर मानतो. मुलास पोलीस ठाण्यांत खेटे घालावयास लावूं नयेत, त्याचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं घ्यावा, जबाब घेणारी अधिकारी शक्य तोंवर स्त्री असावी आणि तिनें गणवेश घालूं नये, मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री-डॉक्टरनेंच करावी, न्यायालयांत मुलास आरोपीच्या समोर उभें करूं नये, अशा अनेक तरतुदी त्यांत आहेत. परंतु प्राथमिक शाळेच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें कलम एकोणिसावें. असा अपराध घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे असें ज्यास कळेल, त्या प्रत्येकानें तें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, असें तें कलम सांगतें. एकविसाव्या कलमाप्रमाणें न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आणि संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालील माणसाचा असा अपराध दडविला तर कैद एक वर्षापर्यंत असून शिवाय दंडहि होतो. सद्भावनेनें कळविणाऱ्यावर मात्र कोणताहि ठपका येत नाहीं. तात्पर्य, तक्रार खरी कीं खोटी हें ठरविण्याचें काम मुख्याध्यापकांचें नाहीं, सरपंचांचें नाहीं, कीं संस्थाचालकांचेंहि नाहीं. त्यांचें काम ऐकणें आणि कळविणें. पारख करणें हें काम तपास करणाऱ्यांचें आणि न्यायाधीशांचें.

हें कलम कागदावरच राहिलें तर काय होतें याचा अनुभव महाराष्ट्रानें ऑगस्ट २०२४ मध्यें घेतला. बदलापूर येथील एका शाळेंत सुमारें चार वर्षांच्या दोन बालिकांवर तेथील सफाई कर्मचाऱ्यानें अत्याचार केल्याची तक्रार झाली. गुन्हा नोंदवून घेण्यासाठींहि आईवडिलांस पोलीस ठाण्यांत कित्येक तास ताटकळत बसावें लागलें. २० ऑगस्टला संतप्त लोक लोहमार्गावर उतरले आणि आगगाड्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. वेळींच कळविलें नाहीं या कारणावरून शाळेच्या चालकांवरहि गुन्हा नोंदला गेला. लोकांचा क्षोभ अपराधाइतकाच दिरंगाईवर होता, ही गोष्ट येथें लक्षांत घेण्यासारखी आहे.

विदर्भांतहि याच मुद्द्यावर एक महत्त्वाचा निर्णय झाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शाळेच्या वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचें प्रकरण २०१९ सालीं उघडकीस आलें. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरास हा प्रकार कळला असूनहि त्यानें तो पोलिसांस कळविला नाहीं, असा त्याच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. परंतु २ नोव्हेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. माहिती असून न कळविणें हा स्वतंत्र आणि गंभीर अपराध आहे, असें त्या न्यायालयानें स्पष्ट केलें. गप्प राहणारा मनुष्य अपराधापासून अलिप्त राहतो, ही आपली जुनी समजूत त्या दिवशीं कायद्यापुरती तरी संपली.

याहून जवळचें उदाहरण अकोला जिल्ह्यांतील आहे. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत कामरगांवहि त्याच जिल्ह्यांत होतें. बदलापूरचा क्षोभ चालू होता त्याच आठवड्यांत तेथील एका खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेंतल्या शिक्षकास, मुलींस मोबाइलवर अश्लील चित्रें दाखविल्याच्या आरोपावरून अटक झाली. मुलीची ओळख पटेल असा मजकूर, अगदीं शाळेचें नांवसुद्धां, छापण्यास कायद्याची मनाई आहे. म्हणून त्या गांवाचें नांव येथें घेतलेलें नाहीं. सांगण्यासारखी गोष्ट ही, कीं बालकल्याण यंत्रणेच्या नि:शुल्क दूरध्वनीवर मुलींनींच आपलें गाऱ्हाणें मांडलें आणि त्यावरून चक्रें फिरलीं. खेड्यांतील शाळकरी मुलींस तो क्रमांक ठाऊक होता, आणि तो फिरविण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक १९९६ सालीं मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयोगांतून सुरू झाला आणि पुढें देशभर पसरला. तो रात्रंदिवस चालतो आणि त्यास पैसे पडत नाहींत. शाळेच्या भिंतीवर थोरांच्या तसबिरी उंच लावतात. हा क्रमांक मात्र पहिलीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिला पाहिजे.

कळविण्याचें महत्त्व परदेशांसहि फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें. इंग्लंडांत सोहम या लहान गांवीं ऑगस्ट २००२ मध्यें दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी मनुष्य तेथील शाळेचा रखवालदार होता. सर मायकेल बिचर्ड यांनीं चौकशी करून २००४ सालीं अहवाल दिला, तेव्हां असें दिसून आलें, कीं तो दुसऱ्या भागांत राहत असतां त्याच्याविरुद्ध पोलिसांकडे अनेक तक्रारी आल्या होत्या. परंतु ती माहिती त्याला नोकरी देणाऱ्या शाळेपर्यंत पोंचलीच नाहीं. त्यानंतर २००६ सालीं तेथें मुलांजवळ काम करणाऱ्यांचें पूर्ववृत्त तपासण्याचा नवा कायदा झाला. तेथील प्रत्येक शाळेंत मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी एका वरिष्ठ शिक्षकावर नांवानिशीं सोंपविलेली असते. सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे, हा अनुभव त्या नियमाच्या मुळाशीं आहे.

आपल्याकडेहि साधनें अगदींच नाहींत असें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं शाळाशाळांतून तक्रारपेट्या ठेवण्याचा आदेश काढला. २०२२ सालीं सखी सावित्री समित्या स्थापन करण्यास सांगितलें. आणि बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयानें सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी, आणि कोणताहि अनुचित प्रकार २४ तासांच्या आंत शिक्षणाधिकाऱ्यांस कळविणें या गोष्टी बंधनकारक केल्या. शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या असें ठरवून दिलेलेंच आहे. तथापि साधनास मनुष्याचा हात लागल्यावांचून तें चालत नाहीं. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर टांगलेल्या तक्रारपेटींत कोणतें मूल चिठ्ठी टाकील? ज्याच्याविरुद्ध तक्रार असावयाची त्याच्याच हातीं पेटीची किल्ली असेल तर ती पेटी नसलेलीच बरी. कॅमेरा अंगणांत पाहतो. सामानाच्या खोलींत, स्वच्छतागृहाच्या वाटेवर किंवा रिक्षांत तो पाहत नाहीं. आणि ज्या मुलास अजून लिहितां येत नाहीं, त्याची तक्रारपेटी म्हणजे त्याचें ऐकून घेणारी बाईच.

म्हणून मूल बोलूं लागलें म्हणजे मोठ्या माणसानें कसें वागावें, हें आधींच शिकून ठेवलें पाहिजे. त्या क्षणीं शिकण्यास वेळ नसतो. मुलाचें बोलणें मध्यें न तोडतां ऐकावें. "असें कसें होईल," "तूं तिकडे गेलासच कशाला," हे उद्गार ओठांवर येऊं देऊं नयेत. तेवढ्यानें मूल कायमचें मुकें होतें. खोदून खोदून प्रश्न विचारूं नयेत, कारण उत्तर सुचविणारे प्रश्न पुढें न्यायालयांत सत्यालाच दुबळें करतात. "मी कोणास सांगणार नाहीं," असें वचन देऊं नये. तें पाळतां येणार नाहीं, आणि मोडलें म्हणजे मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. "तूं सांगितलेंस हें चांगलें केलेंस, यांत तुझा दोष नाहीं," एवढें मात्र अवश्य सांगावें. मूल जें बोललें तें त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून, लिहून ठेवावें. ज्याच्यावर आरोप आहे त्यास बोलावून मुलासमोर उभें करूं नये. आणि त्याच दिवशीं पोलिसांस किंवा १०९८ वर कळवावें. शिक्षणाधिकाऱ्यांस पाठविलेला कागद हा पोलिसांस कळविण्याचा पर्याय होऊं शकत नाहीं.

मुलास बोलतां यावें म्हणून त्याला शब्दहि द्यावे लागतात. शरीराच्या सर्व अवयवांचीं नांवें निर्लज्जपणें नव्हे, परंतु निःसंकोचपणें त्याला ठाऊक असावीं. कोणता स्पर्श आपुलकीचा आणि कोणता नकोसा, हें वर्गांत बाईंनीं आणि घरीं आईनें समजावून द्यावें. नकोशा स्पर्शास मोठ्या माणसासहि "नको" म्हणण्याची त्याला परवानगी असावी. आपल्या संस्कारांत मोठ्यांची आज्ञा मोडूं नये असें शिकवितात, आणि तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक मोठ्या माणसाची प्रत्येक आज्ञा पाळलीच पाहिजे असा त्याचा अर्थ मुलाच्या मनांत ठसला, तर तोच संस्कार त्याच्या गळ्याचा फांस होईल.

येथें प्रामाणिक शिक्षकाच्या मनांत एक शंका उभी राहते, आणि ती हंसण्यावारी नेतां येत नाहीं. पडलेल्या मुलास उचलून घेतलें, रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरविला, तर त्याचाहि विपर्यास होणार काय? मायेवांचून प्राथमिक शाळा चालत नाहीं. या भीतीवर उपाय मायेंत कपात करणें हा नव्हे. जें करावयाचें तें सर्वांच्या देखत करणें हा होय. एकट्या मुलास थांबवून शिकवावयाचें असेल तर दार उघडें ठेवावें आणि दुसऱ्या शिक्षकास सांगून ठेवावें. मुलाशीं खासगी संदेशांचा व्यवहार करूं नये. लहान मुलाचे कपडे बदलावयाचे प्रसंगीं मदतनीस बाईस बोलवावें. असे नियम सर्वांस सारखे लागूं केले म्हणजे त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं, आणि निर्दोष शिक्षकासहि तेच नियम ढालीसारखे उपयोगी पडतात. दुष्ट बुद्धीनें खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास शिक्षा करण्याची तरतूद कायद्यांत आहेच. मात्र मुलास त्यासाठीं शिक्षा होत नाहीं, हेंहि त्यांतच सांगितलें आहे.

सर्वांत अवघड प्रसंग गांवाचा असतो. आरोप ज्याच्यावर आहे तो कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी जावई असतो. मग चार वडीलधारे एकत्र येतात. शाळेचें नांव जाईल, गांवाची अब्रू जाईल, मुलीचें पुढें लग्न जमणार नाहीं, असें आईबापांस समजावितात, आणि प्रकरण गांवांतच मिटवितात. मिटतें तें फक्त बोलणें. अपराधी तेथेंच राहतो, किंवा बदली होऊन दुसऱ्या गांवच्या मुलांत जातो. आणि तें मूल मोठ्यांच्या जगांत न्याय नसतो हा धडा घेऊन वाढतें. ज्या गांवानें आपल्या मुलीचें ऐकलें आणि तिच्या आईबापांच्या पाठीशीं तें उभें राहिलें, त्या गांवाची अब्रू त्यानें गेली असें म्हणणें म्हणजे अब्रू या शब्दाचाच अर्थ हरविणें होय. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं बालहक्कांचा करार केला आणि ११ डिसेंबर १९९२ रोजीं भारतानें तो मान्य केला. आपल्यासंबंधींच्या गोष्टींत आपलें म्हणणें मांडण्याचा आणि तें ऐकून घेतलें जाण्याचा मुलाचा हक्क त्या करारांत नोंदलेला आहे. तो हक्क वाशीमच्या कचेरींत नव्हे, तर शाळेच्या ओसरीवर आणि घरच्या चुलीजवळ पाळला जावयाचा आहे.

विदर्भांत उन्हाळा ओसरून जूनच्या अखेरीस शाळा उघडतात. त्या वेळीं कामरगांवच्या आणि तशाच प्रत्येक गांवच्या पालकांनीं व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकींत चार प्रश्न विचारावे. मुलांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं नांवानिशीं नेमलेली व्यक्ति कोण? तक्रारपेटी कोण उघडतें, आणि कोणाच्या समक्ष? शाळेच्या आवारांत कोणाचीहि नजर पोंचत नाहीं अशी जागा कोणती? आणि १०९८ हा क्रमांक मुलांस पाठ आहे काय? या प्रश्नांस पैसा लागत नाहीं, सरकारी मंजुरी लागत नाहीं. उत्तरें समाधानकारक मिळालीं तर मुलांस निश्चिंतपणें शाळेंत पाठवावें. न मिळालीं तर मिळेपर्यंत बैठकींतून उठूं नये.